दुसरा रकाना

ती. आत्यास,

दोन्ही गुडघ्यांसकट नमस्कार. (वर्गातल्या बुटक्या खुर्चीवर बसून लिहिते आहे. इथे मोठं माणूस बसलं की त्याचे गुडघे हनुवटीशी येतात, त्यामुळे नमस्कारात ते आपोआप सामील होतात.) तुझे गुडघे कसे आहेत? दुखरा डावा की उजवा हे मी दर वेळी विसरते, म्हणून दोघांचीही चौकशी करते. जिना चढताना कठडा धरतेस ना? डोळ्यांत थेंब घालतेस, की बाटली उशाशी ठेवून नुसतं समाधान मानतेस? शेजारच्या बाईंशी धरलेला अबोला सुटला का, की अजून दाराच्या फटीतून एकमेकींवर लक्ष ठेवणं चालू आहे? तुझी ती निळी वही सापडली का, हे मात्र मी मुद्दामच विचारत नाही. वीस वर्षं शोधून तू दमली असशील. कपाटाच्या मागे एकदा बघितलंस का?

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे तू चष्मा पुसत "आता काय हवंय हिला?" असं पुटपुटणार नाहीस. हे पत्र काही मागण्यासाठी नाही. गेल्या तीन महिन्यांत मी इतक्या लोकांकडे, इतक्या नमुन्यांत, इतक्या प्रतींमध्ये मागितलं आहे की माझी मागायची हौस या जन्मापुरती फिटली. हे पत्र निव्वळ आभाराचं आहे. आभार कसले ते पुढे येईलच. तू मला ओळखतेस, मुद्द्यावर यायला मला दोन गल्ल्या जास्त लागतात.

तर झालं असं. शाळेच्या तळमजल्यावर जिन्याला लागून माझा वर्ग आहे, हे तुला माहीत आहे. अकरा मुलं. कुणाला बोलायला वेळ लागतो, कुणाला आवाज सोसत नाही, कुणाचे हात त्याचं ऐकत नाहीत. त्यांच्यासाठी मी एक आणि दोन मदतनीस, मोठी ताई आणि छोटी ताई. (छोटी ताई वयाने मोठी आहे, पण उंचीने कमी. मुलांनी नावं उंची बघून ठेवली आणि मुलांचं चुकलं असं इथे कुणी म्हणत नाही.) या दोघींचा पगार शाळा देत नाही, एक संस्था देत होती, आणि तिने शाळा सुरू होतानाच कळवलं की त्यांची तीन वर्षांची मुदत या सत्राअखेर संपते, पुढची सोय तुमची तुम्ही बघा. आमच्याकडे नियम असा की शिक्षिकेशिवाय आणखी दोन मोठी माणसं वर्गात नसतील तर वर्ग भरवायचा नाही. म्हणजे दोघींच्या पगाराला अनुदान नाही मिळालं तर वर्गाला कुलूप आणि अकरा मुलं घरी. हेडसरांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, तुमची मराठी चांगली आहे, अर्ज तुम्हीच करा." माझी मराठी चांगली! नवव्या वर्षापर्यंत मला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

अनुदान शोधणं म्हणजे काय असतं याची मला काडीचीही कल्पना नव्हती. मला वाटायचं, जगात चांगली कामं करणारे लोक असतात, पैसे देणारे लोक असतात, दोघांची गाठ पडली की झालं. पण देणाऱ्यांची प्रत्येकाची एकेक आवड असते. एकांना फक्त इमारती बांधायला आवडतात. एकांना फक्त मुली चालतात, एकांना फक्त नदीकाठच्या शाळा. (आमच्यापासून नदी फार लांब नाही, असं हेडसरांनी अर्जात लिहून बघितलं.) एका सद्‌गृहस्थांनी फोनवर अर्धा तास माझं म्हणणं इतकं मनापासून ऐकलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि शेवटी म्हणाले, "बाई, आम्ही वस्तू देतो, माणसं देत नाही." पंधरा दिवसांनी त्यांच्याकडून एक वॉटर कूलर आला. त्याच्यावर त्यांच्या मातोश्रींच्या नावाची पाटी, आणि पाटी अशी लांबरुंद की नळ शोधावा लागतो. मी पहिल्या दिवशी त्या कूलरकडे बघून दात-ओठ खाल्ले. दुसऱ्या दिवशी बघते तर आमचा एक विद्यार्थी, जो कुठल्याही आवाजाने कानावर हात ठेवून टेबलाखाली जातो, तो कूलरला पाठ लावून शांत बसलेला. त्याला ती घूंऽऽ आवडते. तेव्हापासून तो तिथेच बसून चित्रं काढतो. तेव्हा त्या मातोश्रींचेही आभार, त्या जिथे असतील तिथे.

मग एका मोठ्या प्रतिष्ठानाची जाहिरात हाती लागली. त्यांना माणसांच्या पगाराचं वावडं नव्हतं. अर्ज संगणकावर भरायचा, त्यात प्रत्येक मुलाची माहिती द्यायची. मी खूश. कारण मुलांची माहिती माझ्याकडे तयारच असते. दर मुलाची एक वही आहे, तिला आम्ही 'येतं वही' म्हणतो. तिच्यात मुलाला जे येतं तेवढंच लिहायचं. 'येत नाही' हे शब्द माझ्या वर्गात लिहायला बारा वर्षं बंदी आहे. (ही खोड कुणाची, ते तू ओळखलं असशील. नसशील तर थोडी कळ काढ.) मी बसले आणि वह्यांमधून उतरवत गेले. आमची एक दहा वर्षांची मुलगी आहे, तिला सगळे घड्याळबाई म्हणतात, कारण भिंतीकडे न बघता ती अचूक वेळ सांगते. तिच्यापुढे लिहिलं, 'वेळेचं भान असामान्य, बसमध्ये स्वतः चढते.' एक जण संधी मिळताच वर्गाबाहेर पळतो, त्याच्यापुढे लिहिलं, 'शाळेच्या सर्व वाटा तोंडपाठ.' एक राग आला की चावतो. त्याच्याबद्दल, 'आपली नापसंती स्पष्टपणे आणि तत्काळ कळवतो.' यातलं एक अक्षर खोटं नाही, आत्या. खाली 'विद्यार्थ्यांच्या अडचणी' असा मोठा चौकोन होता. तो कोरा ठेवला तर संगणक अर्ज पुढेच नेईना, म्हणून मी त्यात एक पूर्णविराम दिला.

उत्तर तीन आठवड्यांत आलं. हेडसरांनी ते शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. 'आपल्या विद्यार्थ्यांची प्रगती वाचून आम्ही भारावून गेलो आहोत.' सरांची छाती फुगली. 'अशा गुणी विद्यार्थ्यांना बाहेरील साहाय्याची आवश्यकता आहे असे दिसत नाही.' सर खाली बसले. 'आमची हुशार विद्यार्थ्यांसाठी एक स्वतंत्र योजना असून...' पुढचं कुणी ऐकलं नाही. चित्रकलेच्या बाईंनी मला पाणी दिलं (कूलरचं). मी चार लोकांत तोंड वर करू शकत नव्हते. अकरा मुलांचा वर्ग मी कौतुक करकरून घालवला होता.

त्यानंतर हेडसरांनी सूत्रं हातात घेतली. तरुणपणी ते नाटकं बसवायचे, आणि तो झरा काही आटलेला नव्हता. दुसरं एक प्रतिष्ठान सापडलं, आठ दिवसांची मुदत होती, सरांनी एका बैठकीत पाच पानं लिहिली. 'अंधार' हा शब्द मी नऊ वेळा मोजला. माझ्या मुलांना त्यात काहीच येत नव्हतं. ती नुसती खिडकीतून शून्यात बघत बसायची. (आमच्या वर्गाला खिडकीच नाही, झरोका आहे.) मी हरकत घेतली, तर सर म्हणाले, "बाई, तुमच्या पद्धतीने एकदा करून बघितलं ना?" मी ती पानं अर्जाला जोडली, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

अर्जावर पालकांच्या प्रतिनिधीची सही लागते. आमचे प्रतिनिधी म्हणजे घड्याळबाईचे वडील, बस चालवतात. ड्यूटी संपवून तसेच खाकी कपड्यांत आले, कचेरीतल्या बाकावर बसले आणि सही करण्याआधी वाचू लागले. सावकाश, ओळीखाली बोट ठेवून. हल्ली सही करण्याआधी वाचतं कोण? तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"सर, ही कोण?"

"अहो, तुमचीच मुलगी."

"नाही सर," ते म्हणाले, "ही माझी नाही," आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सरांनी समजावून बघितलं की हे फक्त अर्जापुरतं आहे, मोठ्या लोकांना असंच लागतं. ड्रायव्हरदादा शांतपणे म्हणाले, "तिला काय येत नाही ते मला माहीत आहे, सर. मी घरी असतो. पण तिला जे येतं, ते कशामुळे येतं, ते कुठेच नाही लिहिलेलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, मी गाडी मागे घेतो तेव्हा कंडक्टर मागे उभा राहून शिट्टी मारतो. गाडी मीच चालवतो. पण शिट्टी नसेल तर मी एक इंच मागे येणार नाही. आता मला गाडी मागे घेता येते असं लिहायचं, की येत नाही असं लिहायचं?"

आत्या, बारा वर्षं मी त्या वह्या लिहिते आहे. 'बसमध्ये स्वतः चढते' हे वाक्य माझ्याच हातचं. पण ती चढते तेव्हा मोठी ताई पायरीशी उभी राहून सातपर्यंत मोजते. सहावर थांबलं तर ती चढत नाही, घाईने मोजलं तर ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावते. सातवर पाय उचलते. हे सात आकडे मी कुठेही लिहिलेले नव्हते. मला ते दिसतच नव्हते.

मुदतीचे पाच दिवस उरले होते. आम्ही रोज शाळा सुटल्यावर याच बुटक्या खुर्च्यांवर बसलो आणि प्रत्येक वहीत उजवीकडे एक दुसरा रकाना आखला. डावीकडे 'काय येतं', उजवीकडे 'तेव्हा शेजारी कोण असतं आणि काय करतं'. वाटलं होतं चुटकीसरशी होईल. पण दोघी ताया म्हणजे अशा की त्यांच्याकडून स्वतःबद्दल एक वाक्य काढणं म्हणजे दाढ काढणं. "मी कुठे काय करते? मी नुसती उभी असते." "मी आपली हात पुढे करून ठेवते, धरायचा तर तो धरतो." छोटी ताई तर म्हणाली की तो चावरा हल्ली फारसा चावत नाही, त्यात तिचं काही नाही, ती फक्त त्याचा श्वास बदलला की त्याला टॉवेल देते. कुणाचा श्वास कधी बदलतो हे तिला कळतं, आणि म्हणे काही करत नाही! हेडसरही येऊन बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपली पाच पानं स्वतःहून फाडली आणि उजव्या रकान्यांची स्वच्छ प्रत काढायला घेतली. (मधेच एका ठिकाणी 'अंधार' आला होता. त्यांनी तो माझ्यादेखत खोडला.) ड्रायव्हरदादांनी वाचून सही केली. तेवढ्यात बसची वेळ झाली, नाहीतर मी त्यांच्यासमोर रडले असते.

अर्ज गेला आणि पडताळणीसाठी प्रतिष्ठानाच्या बाई यायच्या ठरल्या. अकरा वाजता. दारात पाऊल टाकताच घड्याळबाईने त्यांना सांगितलं, "अकरा वाजून चार." बाई ओशाळल्या. पण बाई हुशार, त्यांनी वर्ग फिरून बघितला, वह्या चाळल्या आणि म्हणाल्या, "दोघी मदतनीस नसताना कसं चालतं, ते पाच मिनिटं बघू या का?" ताया बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या.

पहिलं मिनिट काही झालं नाही. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला पहिल्या प्रतिष्ठानाचं पत्र आठवलं. मग सर्व वाटा तोंडपाठ असलेला आमचा विद्यार्थी दाराकडे निघाला. मी त्याला आडवी गेले, तर पाठीमागे कुणीतरी कूलरचा नळ सोडला. नळाकडे धावले तर चित्रं काढणारा टेबलाखाली गेलेला, कारण पाणी त्याच्या कागदावर आलं होतं. इतक्यात घड्याळबाई मोठ्या ताईला शोधायला निघाली. दारात एक उंच उंबरठा आहे. तिथे ती थांबली आणि वाट बघू लागली. तिच्यामागे सगळ्यांची रांग. बाई दारातच होत्या. त्यांनी आधी "चल बाळ, ये" म्हणून बघितलं. मग इकडेतिकडे बघितलं. मग, आत्या, त्यांनी वही वाचली होती, त्यांनी मोजायला सुरुवात केली. पाचवरच हात पुढे केला. घड्याळबाई म्हणाली, "पहिल्यापासून." बाईंनी पुन्हा मोजलं, जरा भरभर. "पहिल्यापासून." तिसऱ्यांदा त्यांनी हातातली फाइल त्या ओल्या फरशीवर ठेवली, उंबरठ्याशी उकिडव्या बसल्या आणि एकेक आकडा नीट म्हटला. सातवर घड्याळबाईने पाय उचलला, बाईंचा हात धरून उंबरठा ओलांडला आणि जाहीर केलं, "पाच मिनिटं झाली."

"झाली ना?" बाई इतक्या आशेने म्हणाल्या, "बोलवा त्यांना, बोलवा."

जाताना त्यांनी दोन्ही तायांना वाकून नमस्कार केला. तायांना काय करावं कळेना, त्यांनी बाईंना टॉवेल दिला. काल मंजुरीचं पत्र आलं. दोघी ताया, पुढची तीन वर्षं. मी ते पत्र चार वेळा वाचलं आणि पाचव्यांदा ड्रायव्हरदादांना फोनवर वाचून दाखवलं. पलीकडून नुसता हॉर्न वाजला.

आता मुद्दा. ते रकाने आखताना मला सारखी आपली माडीवरची खोली दिसत होती. मी नऊ वर्षांची, शाळेने बाबांना सांगितलेलं की हिला वाचन जमणार नाही, घरकाम शिकवा. आणि तू टेलिफोनच्या ड्यूटीवरून येऊन माझ्या शेजारी बसायचीस. जुन्या कार्डाला खिडकी कापून ती ओळीवर ठेवायचीस, म्हणजे मला एका वेळी एकच शब्द दिसायचा, बाकीचे अंगावर यायचे नाहीत. कार्ड तू धरायचीस. दोन वर्षं. नंतर निळ्या वहीत लिहायचीस, 'आज हिने चार ओळी वाचल्या.' 'आज हिने दुकानाची पाटी आपणहून वाचली.' पानामागून पान मला काय आलं तेवढंच. त्या वहीत एकाही पानावर तू नाहीस, आत्या. बाबांनी मला पार उशिरा, तू निवृत्त झाल्यावर सांगितलं की त्यासाठी तू दोन वर्षं कुणालाही नको असलेली पहाटेची ड्यूटी मागून घेतली होतीस. तू मला कधीच का सांगितलं नाहीस? मी आज अकरा मुलांना शिकवते, अर्ज लिहिते, हे एवढं लांबलचक पत्र लिहिते, ते तुझ्यामुळे. तुझे आभार मानायला मला चाळीस वर्षं आणि एक बस ड्रायव्हर लागला. ते आज मानते. इतकंच सांगायचं होतं.

डोळ्यांत थेंब घाल. अबोला सोड.

तुझी,
उशिरा वाचायला शिकलेली भाची

ता. क. मंजुरीच्या पत्राचं दुसरं पान मी आज सकाळी बघितलं. नवं अनुदान सुरू होतं ते जुनं संपल्यावर पाच आठवड्यांनी. मोठ्या ताईच्या पगाराची तेवढ्यापुरती सोय आम्ही शिक्षकांनी मिळून केली आहे. पण छोटी ताई नेमकी त्याच दिवसांत लेकीच्या बाळंतपणाला जाते आहे, आणि हेडसर म्हणतात नियम म्हणजे नियम, दोन माणसं नाहीत तर पाच आठवडे कुलूप. पाच आठवडे घरी राहिलं तर घड्याळबाईची पायरी पुन्हा पहिल्यापासून. मी काही मागत नाही हं. नुसतं कळवते.

ता. क. २. काम असं काहीच नाही. शेजारी बसायचं. ते कसं बसायचं हे तुला कुणी शिकवायला नको. वर्ग तळमजल्यावर आहे, तुझ्यासाठी उंच खुर्ची हेडसरांनी स्वतःच्या खोलीतून आणून ठेवली आहे. (मी त्यांना काही बोलले नव्हते. फार तर दोनदा बोलले असेन.) ड्रायव्हरदादांची रविवारची फेरी तुझ्या गावावरूनच जाते. ते म्हणाले, गाडी अशी लावतो की पायरी ओट्याला टेकेल. तुला सातपर्यंत मोजता येतं ना? सावकाश?

ता. क. ३. निळी वही कपाटामागे शोधू नकोस. ती माझ्याकडे आहे. लग्न होऊन निघाले तेव्हा साड्यांच्या खाली घालून मी ती चोरली, आणि वीस वर्षं तुझ्याबरोबर तुझ्याच घरात शोधायचं सोंग केलं. ड्यूटीवरच्या नोंदवहीच्या सवयीने तू पानाच्या डाव्या बाजूलाच लिहायचीस, उजवी बाजू सगळी कोरी होती. गेल्या आठवड्यात मी ती भरली, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. 'आत्या शेजारी होती. कार्ड तिने धरलं होतं.' प्रत्येक पानावर हेच आहे, कारण प्रत्येक दिवशी हेच होतं. पेन्सिलीने लिहिलंय. चुकलं असेल तर खोड. पण वही मी पाठवणार नाही, खोडायला इथे यावं लागेल.